कुलूप बाजारचे, किल्ली घरची

आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला गणसंख्या पुरी होणे ही दुर्मीळ घटना. सभा अर्धा तास तहकूब होते, मग तहकूब सभेला गणसंख्येचे बंधन नाही असे सेक्रेटरी जाहीर करतात आणि अकरा माणसे चौसष्ट बिऱ्हाडांचे भवितव्य ठरवून चहा घेतात. गेल्या महिन्यातल्या सभेला मात्र गच्चीवर खुर्च्या कमी पडल्या. शेजारच्या गल्लीत लागोपाठ दोन घरफोड्या झाल्या होत्या आणि आमचे जुने कॅमेरे गेले वर्षभर कोणाचेही चित्र टिपत नाहीत, हा शोध त्यानिमित्ताने लागला होता. विषयपत्रिकेवर एकच विषय होता : नवे कॅमेरे आणि फाटकाला कार्डाने उघडणारे कुलूप.

कोटेशने दोन होती. एक नावाजलेल्या कंपनीच्या वितरकाचे, दोन लाखांच्या वरचे. दुसरे आमच्याच बी विंगमधल्या एका चिरंजीवांचे, निम्म्याहून कमी किमतीचे. मुलगा हुशार, नुकताच इंजिनीअर झालेला. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडणी तो स्वतः करणार होता आणि आतले सॉफ्टवेअरही, कूटपद्धतीसकट, स्वतःच लिहिणार होता.

"काका," तो मला म्हणाला, कारण मी सोसायटीचा खजिनदार, "बाजारातल्या कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर सगळ्या जगाला माहीत असतं. एकाचं फुटलं की सगळ्यांचं फुटलं. माझं फक्त मला माहीत. चोर शिकणार कुठून?"

टाळ्या पडल्या. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी हात वर केला. त्या एकट्या राहतात. मुलाने अमेरिकेतून सांगून त्यांच्या खोलीत एक स्वस्तातला कॅमेरा बसवून घेतला आहे, म्हणजे रोज संध्याकाळी त्याला आई दिसते. "तो माझा कॅमेरापण तू ह्यालाच जोडणार म्हणतोस," आजी म्हणाल्या, "मग माझ्या घरातलं आणखी कोणाला दिसणार नाही ना रे?"

"छे आजी, शक्यच नाही," मुलगा म्हणाला. वितरकाचा माणूस म्हणाला, "मॅडम, आमचा माल ब्रँडेड आहे." आजींनी दोघांकडे पाहिले आणि त्या खाली बसल्या. मलाही जाणवले, की उत्तरे दोन आली, पण प्रश्न तिथेच राहिला. शेवटी सभेने ठराव केला की खजिनदारांनी अभ्यास करून महिन्याभरात अहवाल द्यावा. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला कुलूपकिल्ल्यांतले कळते अशी लोकांची समजूत असते. ती अगदीच चुकीची नाही, असे हा अभ्यास करताना माझ्या ध्यानात आले.

हा प्रश्न आमच्या एकट्या सोसायटीचा नाही. आपल्या घरात आज किती लहानसहान यंत्रांच्या पोटात संगणक आहे, हे एकदा बोटांवर मोजून पाहावे. दारावरची घंटी, इंटरनेटचा डबा, टीव्ही, नातवाचे बोलके खेळणे, पाकिटातले बँकेचे कार्ड. दीड-दोन हजारांच्या वस्तूत चिप किती रुपयांची घालायची याचा हिशेब बनवणारा पैशापैशाने करतो, आणि सुरक्षिततेच्या वाट्याला त्या हिशेबात उरलेसुरले येते. मग त्याच्यापुढे दोन वाटा असतात. जगाने मान्य केलेली, सर्वांना ठाऊक असलेली पद्धत घ्यायची, किंवा आपल्या छोट्या चिपच्या मापाची स्वतःची पद्धत बेतायची. तयार कपडा घ्यावा की शिंप्याकडून शिवून घ्यावा, तसाच हा प्रकार दिसतो. अंगाला बसण्याचा प्रश्न असेल तर शिंपी केव्हाही बरा. इथे मात्र प्रश्न अंगाला बसण्याचा नाही.

मी बँकेत लागलो तो काळ जाडजूड खतावण्यांचा. शाखेची स्ट्राँगरूम कोणत्या कंपनीची आहे, हे दारावर पितळी अक्षरांत लिहिलेले असे. रोकड आत आणायला येणाऱ्या हमालापासून शिपायापर्यंत सर्वांना ते वाचता येई. त्याची चिंता कोणी करीत नसे. चिंता असे ती किल्ल्यांची. दार दोन किल्ल्यांनी उघडे. एक अधिकाऱ्याकडे, दुसरी हेडकॅशियरकडे, आणि एकाने दुसऱ्याची किल्ली हातात घेणे हा गुन्हा. दुसरा जोड परगावच्या शाखेत मोहोरबंद पाकिटात ठेवलेला असे आणि ठरावीक मुदतीने दोन्ही जोडांची अदलाबदल होई. किल्ल्यांचे वेगळे रजिस्टर असे. बदली झालेल्या माणसाला त्यात सही केल्याशिवाय निरोपाचा हारही गळ्यात घालून घेता येत नसे. तारेने पैसे पाठवतानाही तेच. तारेत रकमेबरोबर परवलीचा एक आकडा असे. तो काढायची रीत सर्व शाखांत एकच होती आणि नव्या अधिकाऱ्यालाही शिकवली जात असे. ज्या तक्त्यांवरून तो काढायचा ते तक्ते मात्र कुलपात.

याच्या उलट प्रकारही मी पाहिला आहे. एका तालुक्याच्या गावच्या शाखेत आमचे शाखाधिकारी फार संशयी होते. बाजारातल्या कुलपांवर त्यांचा विश्वास नव्हता. गावातल्या लोहाराकडून त्यांनी स्वतःच्या कल्पनेने एक पोलादी पेटी बनवून घेतली. खालचा खण अर्धा ओढायचा, डावी मूठ तीन वेळा फिरवायची, मग वरचे झाकण सुटायचे. तिच्यात ते मुद्रांक आणि महत्त्वाचे कागद ठेवीत. युक्ती जगात त्यांच्या एकट्यालाच ठाऊक होती. पुढे एकदा ते ऐन कर्जवाटपाच्या आठवड्यात आजारी पडून जिल्ह्याच्या इस्पितळात दाखल झाले. कागद पेटीत, शेतकरी ओटीवर आणि आम्ही हवालदिल. तेव्हा शाखेचा शिपाई पुढे झाला आणि त्याने पेटी शांतपणे उघडून दिली. रोज पेटी पुसताना डाव्या मुठीचाच रंग तेवढा उडालेला त्याने पाहिला होता. पुढचे त्याला सुचत गेले.

त्या पेटीत दोन दोष होते. तिची सगळी भिस्त युक्ती गुप्त राहण्यावर होती, आणि रोज निरखून पाहणाऱ्यापुढे युक्ती गुप्त राहत नाही. आणि ती एका माणसाच्या डोक्यात होती, म्हणून तो अंथरुणाला खिळताच पेटी मालकांनाच परकी झाली. शिपाई प्रामाणिक होता, हे आमचे नशीब.

शिपायाने जे दाखवले, ते ऑग्युस्त केरखोफ्स नावाच्या भाषापंडिताने १८८३ साली लिहून ठेवले होते. हा जन्माने डच, पॅरिसमध्ये जर्मन शिकवणारा प्राध्यापक. लष्करी सांकेतिक लेखनावरच्या आपल्या फ्रेंच निबंधात त्याने एक नियम मांडला : संदेश गुप्त करण्याची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. कारण साधे आहे. किल्ली हरवली तर बदलता येते. पद्धत फुटली तर सगळी फौज नव्याने शिकवावी लागते.

हा नियम मोडल्याचे फळ काय मिळते, याचे स्वस्त यंत्रांमधले सर्वांत बोलके उदाहरण युरोपात घडले. १९९४ साली 'मायफेअर क्लासिक' नावाची चिप बाजारात आली. बस-रेल्वेच्या पासात आणि कचेऱ्यांच्या ओळखपत्रांत बसणारी, बॅटरी नसलेली, अत्यंत स्वस्त. त्या काळी एवढ्याशा चिपमध्ये तगडी प्रमाणित पद्धत बसवणे महाग पडे, म्हणून बनवणाऱ्यांनी स्वतःची कूटपद्धत बेतली. नाव 'क्रिप्टो-१'. तिचा तपशील कुलूपबंद. लंडनचे ऑयस्टर कार्ड, नेदरलँड्समधले प्रवासी कार्ड, असंख्य इमारतींचे दरवाजे या चिपवर विसंबून होते. अशी शंभर कोटींहून अधिक कार्डे जगात गेली.

डिसेंबर २००७ मध्ये दोन तरुण संशोधकांनी, कार्स्टन नोल आणि हेन्रिक प्लोत्स यांनी, बर्लिनमधल्या एका परिषदेत सांगितले की आम्ही ही चिप थराथराने घासून सूक्ष्मदर्शकाखाली तिची छायाचित्रे घेतली आणि आतली मांडणी वाचली. डाव्या मुठीचा उडालेला रंगच म्हणा ना! पुढच्या काही महिन्यांत नेदरलँड्समधल्या नाइमेखेन इथल्या रॅडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी संपूर्ण पद्धत उलगडली. कार्डाची किल्ली ४८ बिटांची होती, म्हणजे सुमारे २ कोटी ८० लाख कोटी शक्य किल्ल्या. आकडा ऐकायला प्रचंड. पण आतल्या रचनेतच खोट होती. दर वेळी नवा, अंदाज न येणारा आकडा उच्चारणे हे कार्डाचे काम. तो आकडा फक्त ६५ हजारांच्या आसपास पर्यायांतून येई आणि कार्डाला वीज मिळाल्यापासून किती वेळ गेला यावर ठरे. त्यामुळे साध्या संगणकावर काही सेकंदांत किल्ली हाती येऊ लागली.

मग कंपनीने काय केले? तोवर हा व्यवसाय फिलिप्समधून वेगळ्या झालेल्या एनएक्सपी कंपनीकडे आला होता. ती विद्यापीठाविरुद्ध कोर्टात गेली : शोधनिबंध छापू देऊ नका. जुलै २००८ मध्ये कोर्टाने नकार दिला. नुकसान होणार असेल तर ते निबंधामुळे नाही, सदोष चिप विकल्यामुळे, असा त्याचा रोख होता. पुढे त्याच कंपनीने जगन्मान्य पद्धत वापरणारी नवी कार्डे आणली. पण विकलेली जुनी कार्डे हवेत विरून जात नाहीत. ती दरवाजे उघडत राहतात.

हा एकच अपघात असता तर सोडून देता आला असता. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची मोटारींच्या किल्ल्यांत आणि पेट्रोल पंपावरच्या बिल्ल्यांत बसवलेली ४० बिटांची खासगी पद्धत २००५ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या आणि आरएसए प्रयोगशाळेच्या संशोधकांनी उलगडली. पोलिसांच्या वायरलेस संचांत वापरली जाणारी टेट्रा यंत्रणेतली एक गुप्त पद्धत ८० बिटांची म्हणून मिरवली जात होती. ती प्रत्यक्षात ३२ बिटांइतकीच बळकट आहे, असे डच संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवले. दर वेळी गोष्ट तीच : बनवणारे हुशार, हेतू चांगला, पण तपासणारे डोळे मोजके.

आता दुसरी वाट पाहू. जगन्मान्य पद्धत जगन्मान्य होते तरी कशी?

अमेरिकेत १९७७ साली डीईएस ही पद्धत मानक म्हणून जाहीर झाली. तिची ५६ बिटांची किल्ली पुढच्या काळात अपुरी पडली. १९९८ मध्ये एका नागरी हक्क संघटनेने अडीच लाख डॉलरपेक्षा कमी खर्चात यंत्र उभारून ती ५६ तासांत शोधून दाखवली. तोवर नव्या मानकाची तयारी सुरू झाली होती. १९९७ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने साऱ्या जगाला आवाहन केले होते : आपापल्या पद्धती घेऊन या. पंधरा पद्धती रिंगणात उतरल्या. त्यांचे तपशील सर्वांसमोर मांडले गेले आणि पुढची काही वर्षे जगभरचे कूटतज्ज्ञ एकमेकांच्या पद्धती फोडण्याच्या मागे लागले. मैदानात उघड्यावर कुस्ती. जो शेवटपर्यंत पाठ टेकत नाही तो पहिलवान. २००० साली निवड झाली ती बेल्जियमच्या योआन डामेन आणि व्हिन्सेंट राइमेन यांच्या पद्धतीची, आणि २००१ साली ती एईएस या नावाने मानक झाली. आज तुमच्या फोनपासून बँकेच्या संगणकापर्यंत ती सर्वत्र आहे. तिची रीत कोणीही वाचावी. किल्लीशिवाय तिचा उपयोग नाही.

"पण काका, छोट्या चिपला ती जड होते," हा बी विंगच्या चिरंजीवांचा पुढचा मुद्दा. एके काळी त्यात तथ्य होते. मायफेअरच्या वेळी तीच अडचण होती. हल्ली काही शे रुपयांच्या चिपमध्येही एईएसची सोय जन्मतःच असते, आणि तिचे तपासलेले सॉफ्टवेअर फुकट मिळते. त्याहूनही बारीक यंत्रांसाठी त्याच मानक संस्थेने २०१८ साली पुन्हा जगाला आवाहन केले. सत्तावन्न पद्धती आल्या. दहा अंतिम फेरीत पोचल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्रात्स तंत्रविद्यापीठाच्या संशोधकांनी इतरांच्या साथीने तयार केलेली 'ॲस्कॉन' निवडली गेली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती मानक म्हणून प्रसिद्ध झाली. ती मुळी अशाच अल्प वीज, अल्प स्मृती असणाऱ्या गरीब यंत्रांसाठी आहे. तेव्हा 'परवडत नाही म्हणून घरगुती' या युक्तिवादाचा पाय आता उरलेला नाही.

इथे वितरकाच्या माणसाने टाळी वाजवू नये. कारण नाण्याची दुसरी बाजू त्याच्याकडे आहे.

२०१६ साली 'मिराई' नावाचा एक उपद्रवी प्रोग्राम इंटरनेटवर पसरला. तो कोणतीही कूटपद्धत फोडीत नसे. तो फक्त स्वस्त कॅमेऱ्यांच्या आणि इंटरनेटच्या डब्यांच्या दारावर जाऊन साठेक ठरावीक नावे आणि परवलीचे शब्द म्हणून पाही. कारखान्याने घातलेले, ग्राहकाने कधी न बदललेले, काही यंत्रांत तर बदलताच न येणारे. असे लाखो दरवाजे उघडले. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला या यंत्रांच्या झुंडीने इंटरनेटचे पत्ते सांगणाऱ्या एका अमेरिकी कंपनीवर एवढा मारा केला की ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा तिथे तासन्‌तास कोलमडल्या. मिराई रचणारी तीन पोरसवदा माणसे पुढे पकडली गेली आणि २०१७ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला. कोणाच्या तरी दुकानावर पहारा करणारा कॅमेरा सातासमुद्रापार हल्ला करीत होता आणि दुकानदाराला पत्ता नव्हता. कुंपणाने शेत खाल्ले, तेही दुसऱ्याचे! दार भक्कम होते की नाही हा प्रश्नच आला नाही, कारण किल्ली पायपुसण्याखाली होती आणि ते साऱ्या गावाला ठाऊक होते.

नुसता 'मानक' हा शिक्काही पुरत नाही. घरातल्या बिनतारी इंटरनेटचे पहिले संरक्षण, डब्ल्यूईपी, १९९७ सालच्या मानकाचाच भाग होते. पण ते कूटतज्ज्ञांच्या खुल्या आखाड्यातून गेलेले नव्हते. २००१ मध्ये त्याच्या चिंध्या झाल्या आणि ते बदलावे लागले. एप्रिल २०१४ मध्ये उघडकीला आलेला 'हार्टब्लीड' हा दोष तर साऱ्या जगाने विश्वासाने वापरलेल्या ओपनएसएसएल या खुल्या सॉफ्टवेअरमधला. दोन वर्षे तो तिथे होता. सगळ्यांना वाचता येणारे पुस्तक होते, पण प्रत्येकाला वाटले, दुसऱ्याने वाचले असेल. ज्याच्यावर जगाचा व्यापार चालला होता त्या कामाला पूर्णवेळ माणूस जेमतेम एक होता, आणि देणग्या वर्षाला सुमारे २ हजार डॉलर. आमच्या सोसायटीचा गणेशोत्सवसुद्धा याहून मोठ्या वर्गणीत होतो.

म्हणजे मुलाचे म्हणणे खरे ठरले का? एकाचे फुटले की सगळ्यांचे फुटले? अर्धे खरे. हार्टब्लीड फुटले तेव्हा सगळीकडेच फुटले. पण दोष जाहीर झाला त्याच दिवशी दुरुस्तीही आली, कारण दुरुस्त करायला जग जागे होते. पुढे मोठ्या कंपन्यांना लाज वाटून त्यांनी पैसाही दिला. घरगुती पेटीचे कुलूप फुटते तेव्हा आधी कळतच नाही, आणि कळल्यावर दुरुस्त करणारा एकच असतो. तो नोकरीसाठी बंगळूरला गेलेला असेल. प्रश्न मग मानक की घरगुती एवढाच राहत नाही. फुटल्यावर धावून कोण येणार, किती वर्षे येणार, आणि आपल्याला कळवणार कोण, हा खरा प्रश्न आहे. ज्या यंत्राला दुरुस्तीचे सॉफ्टवेअर पोचतच नाही, त्याच्यात जगातली उत्तम पद्धत घालूनही ती चार वर्षांनी शिळी होते.

सरकारांना हे उशिरा का होईना, उमगले आहे. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून सर्व यंत्रांना एकच परवलीचा शब्द घालून माल विकण्यास बंदी केली. सुरक्षेच्या दुरुस्त्या किती काळ मिळतील हे ग्राहकाला सांगणेही सक्तीचे केले. युरोपीय संघाचा याहून व्यापक कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला. त्यातली मुख्य बंधने डिसेंबर २०२७ पासून लागू व्हायची आहेत. आपल्याकडे केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या किमान अटी अधिसूचित केल्या आणि एप्रिल २०२५ पासून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या चाचणीतून गेलेलाच माल विकावा असे बंधन आले. बँकांच्या बाबतीत हे आधीच घडले होते. पाठीवर नुसती चुंबकीय पट्टी असलेली कार्डे ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत बदलून चिपची कार्डे द्यावीत, असे रिझर्व्ह बँकेने बजावले. ती चिप म्हणजे काही रुपयांचे यंत्र, पण जगभर एका मानकाने चालणारे. तेव्हा शाखेत रांगा लावून कुरकुरणारे ग्राहक मला आठवतात. "चालतंय ते कार्ड कशाला बदलायचं?" चालतेय म्हणजे ठीक आहे, ही आपली राष्ट्रीय श्रद्धा. कायदा ती बदलू शकत नाही. आजींनी विचारला तसा प्रश्न गिऱ्हाइकाने दुकानात विचारला, तरच बदल होईल.

महिन्याने मी अहवाल वाचून दाखवला. पानभरच होता. कूटपद्धत घरी बनवायची नाही, जगाने झोडपून पाहिलेलीच घ्यायची. किल्ली म्हणजे परवलीचे शब्द मात्र आपले, प्रत्येक यंत्राला वेगळे, पहिल्याच दिवशी बदललेले, आणि त्यांचे मोहोरबंद पाकीट सेक्रेटरी व खजिनदार या दोघांच्या सहीने ठेवलेले. दुरुस्त्या किती वर्षे मिळतील हे विक्रेत्याने लेखी द्यायचे. वितरकाच्या कोटेशनात ही ओळ नव्हती. विचारल्यावर तो कंपनीला विचारून सांगतो म्हणाला आणि आठ दिवसांनी तीन वर्षांचे पत्र घेऊन आला. चौथ्या वर्षी काय, हे मी अहवालात ठळक अक्षरांत लिहिले आणि त्यासाठी दुरुस्ती निधीतून दरसाल रक्कम बाजूला काढायला सुचवले. जे कॅमेरे इमारतीतल्या इमारतीत चालू शकतात, ते इंटरनेटला जोडायचेच नाहीत.

मुलगा हिरमुसला होता. सभेनंतर मी त्याला थांबवले. "अरे, तुझ्या हुशारीवर कोणाचाच आक्षेप नाही. पण तुझं सॉफ्टवेअर तू सोडून आणखी कोणी तपासलंय का?" तो प्रामाणिक आहे. "नाही, काका," म्हणाला. मग मी त्याला खरे काम सांगितले. बेतायला खूप जागा आहे, पण ती कुलपाच्या पोटात नाही. कोणी कोणते चित्र पाहायचे, किती दिवस ठेवायचे, वॉचमन बदलला की त्याचे कार्ड त्याच दिवशी रद्द कसे करायचे, दुरुस्ती आली की बसवली का, याचे रजिस्टर कोणी ठेवायचे. ही व्यवस्था आमच्या इमारतीच्या मापाचीच हवी आणि ती कोणत्याही कंपनीच्या डब्यात मिळत नाही. दरमहा थोड्या मानधनावर ते काम त्याने घेतले आहे. मानधन कमी आहे, हे मलाही कबूल आहे. सभेने तेवढेच मंजूर केले.

राहता राहिल्या आजी. मी तिसऱ्या मजल्यावर गेलो आणि त्यांना खरे ते सांगितले. सोसायटीच्या यंत्रणेशी त्यांचा कॅमेरा आता जोडायचा नाही. पण तो स्वतः इंटरनेटवरूनच अमेरिकेला पोचतो, त्याच्या कंपनीची शेवटची दुरुस्ती येऊन बराच काळ लोटला आहे, आणि 'शक्यच नाही' असे मी म्हणू शकत नाही. परवलीचा शब्द बदलून देतो. मुलाला सांगून यंत्र बदलून घ्या, आणि नवे घेताना त्याला विचारायला सांगा की दुरुस्त्या किती वर्षे मिळतील.

आजींनी ऐकून घेतले. आठ दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा कॅमेऱ्यावर लोकरीचे एक विणलेले टोपडे होते. "संध्याकाळी सातला काढते," त्या म्हणाल्या, "बोलणं झालं की पुन्हा घालते. नवीन येईपर्यंत एवढं चालेल ना?"

चालेल, असे मी सांगून आलो. तेवढ्यापुरते ते खरेही आहे.